यंत्र धन्याचे, मांडणी आपली



वैशाखाचे ऊन उतरल्यावर, घरची कामे आटोपून आपण मंडळी येथे जमता, ती काही नवे ऐकावे म्हणून. १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या धर्तीवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशा मालांमधून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. त्यांच्या पंक्तीत माझा विषय फारच किरकोळ वाटेल. संगणकावर काम करणारा माणूस आपल्या सोयीसाठी ज्या लहानसहान खुणा, संक्षेप आणि सवयी यंत्राला शिकवून ठेवतो, त्या जपायच्या कशा, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यायच्या कशा, आणि त्यांतला प्रत्येक बदल नोंदून ठेवायचा कसा, एवढाच हा विषय आहे.

मी तंत्रज्ञ नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत पुष्कळ झाले. परंतु हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. कारण वरवर पाहता तो संगणकाचा दिसला, तरी मुळात तो हत्यारांचा प्रश्न आहे. आणि हत्यारे कोणाच्या ताब्यात असावीत, हा कामगारांचा सर्वांत जुना प्रश्न होय.

सुताराची गोष्ट घ्या. त्याची पेटी उघडली की रंधा कोठे, पटाशी कोठे, गुण्या कोठे, हे तो डोळे मिटून सांगेल. रंध्याचे पाते किती पुढे काढायचे, हे त्याने आपल्या हाताला जुळवून ठेवलेले असते. दुसऱ्याची पेटी त्याला द्या. कारागीर तोच, पण त्याचे काम अर्ध्यावर येते. आपल्या जिल्ह्याची ओळख कापसाची. कापसाच्या जिनातला जुना फिटर रूळ आणि पाते यांच्यामधले अंतर कापसाचा प्रकार आणि ओल पाहून ठरवतो. शहाणा फिटर ही मापे खिशातल्या वहीत टिपून ठेवतो. जिन मालकाचे, रूळ मालकाचा, कापूस व्यापाऱ्याचा. परंतु ती वही फिटरची. तो दुसऱ्या जिनात गेला की वही त्याच्याबरोबर जाते. त्या वहीलाच आपण कसब म्हणतो, निदान कसबाचा लिहून काढता येण्याजोगा भाग म्हणतो.

आता आजच्या कचेरीत या. तहसील, न्यायालय, बँक, दवाखाना, छापखाना, कोठेही जा; पडद्यासमोर बसलेला एक तरुण किंवा तरुणी दिसेल. ग्रामपंचायतींत संगणक परिचालक आहेत. २०११ साली ही योजना ‘संग्राम’ नावाने आली, पुढे तिचे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झाले. नाव बदलले, काम पाहणारी संस्था बदलली. परिचालकाचा हात मात्र तोच राहिला. या हाताने यंत्राला काय काय शिकवलेले असते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. कोणी टंकलेखन रेमिंग्टनच्या पद्धतीवर शिकलेला, कोणी इन्स्क्रिप्टवर. त्याप्रमाणे त्याने कळफलक लावून घेतलेला असतो. ‘ग्रापं’ एवढे टंकले की ‘ग्रामपंचायत’ उमटावे, अशी सोय केलेली असते. यवतमाळ, वणी, पुसदपासून झरी-जामणीपर्यंत आपल्या १६ तालुक्यांतील गावांची नावे त्याने शुद्धलेखनाच्या वैयक्तिक शब्दकोशात एकेक करून घातलेली असतात, नाहीतर यंत्र प्रत्येक गावाखाली तांबडी रेघ ओढत बसते. अक्षराचा आकार, समासाचे माप, रोजच्या आज्ञांची लघुरूपे, असे शंभर बारकावे वर्षा-दोन वर्षांत साठतात.

आणि एके दिवशी जुने यंत्र उचलून नवे यंत्र ठेवले जाते. कचेरीची कागदपत्रे नव्या यंत्रावर येतात, कारण ती कचेरीला हवी असतात. परिचालकाची मांडणी मात्र कोणी आणत नाही, कारण ती कोणाच्या यादीतच नसते. पहिले पंधरा दिवस तो चाचपडतो. वरिष्ठ म्हणतात, यंत्र नवे आणि वेगवान आहे, मग काम मंदावले का? त्याला उत्तर देता येत नाही. आपले नेमके काय गेले, हे त्यालाही ठाऊक नसते. जे लिहून ठेवलेले नाही, ते गेल्याचा पुरावाही राहत नाही. सभेच्या इतिवृत्ताविना संघटना चालवू पाहणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

ही मांडणी असते कोठे, ते प्रथम पाहू. ती हवेत नसते. साध्या फाइलींत असते, आणि पुष्कळदा त्या फाइली कोणालाही वाचता येतील अशा मजकुराच्या असतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. त्या प्रणालीत ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. याची हकीकत त्या प्रयोगशाळेत पुढे काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबे अशा नावांच्या दोन नोंदी आपोआप असत. यादीत त्यांची अडगळ नको म्हणून, नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते नाव गाळावे, अशी सोपी तोड काढली गेली. तिचा अनपेक्षित परिणाम असा झाला की टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल दडून राहू लागली, आणि निरनिराळ्या कार्यक्रमांनी आपापली मांडणी अशा दडलेल्या फाइलींत ठेवण्याचा पायंडा पडला. लिनक्सवर तो आजही चालू आहे. विंडोजवर यांतील बराच भाग अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये आणि काही भाग रजिस्ट्रीत असतो. म्हणजे आपल्या कसबाची वही आपल्याच घरात आहे, पण माळ्यावर, अंधारात. ती खाली काढणे हे पहिले काम.

दुसरे काम नोंदीचे. नुसती नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. मग त्या पेन ड्राइव्हवर ‘मांडणी’, ‘मांडणी नवी’, ‘मांडणी शेवटची’, ‘मांडणी खरी शेवटची’ अशी पिलावळ जमते, आणि त्यांतली खरी कोणती हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. नक्कल आणि नोंद यांत फरक आहे. तो समजण्यासाठी आपण तलाठ्याच्या दप्तराकडे जाऊ, कारण ते येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सातबारा आपल्याला सांगतो की आज जमीन कोणाच्या नावावर आहे. पण आज ती त्याच्या नावावर कशी आली, हे सांगते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीने आली, कोणत्या तारखेला आली, हे सारे तेथे क्रमांकवार असते. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो. ते खरवडून काढले जात नाही. शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माग धरत आपण आजोबांपर्यंत पोहोचतो. ज्या व्यवस्थेत चालू स्थिती आणि तिच्यामागचे सगळे फेरफार अशा दोन्ही गोष्टी एकत्र जपल्या जातात, तिलाच संगणकाच्या भाषेत व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आपण तिला आवृत्तीची नोंद म्हणू. मांडणीची फाइल हा सातबारा; केलेला प्रत्येक बदल हा फेरफार.

अशी नोंद नसली म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. महाभारताच्या पोथ्या शतकानुशतके हाताने उतरवल्या गेल्या. कोणी एक श्लोक जास्त घातला, कोणी पाठ बदलला, कोणी समासात लिहिलेले टिपण पुढच्या लेखकाने मूळ समजून मजकुरात घेतले. कोणी, केव्हा, का बदलले, याची टीप कोणी ठेवली नाही. शेवटी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्यासारख्या पंडिताने त्यात आपले आयुष्य वेचले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, आणि काम पुरे होण्यास १९६६ साल उजाडले. त्याच्याही आधी, शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या पाठांची शुद्धी केली, ती याच अडचणीपोटी. जे लेखकांनी ओळीमागे एक टीप ठेवली असती तर मिळाले असते, ते शोधण्यास पंडितांच्या पिढ्या लागल्या. आपली मांडणी महाभारत नव्हे, हे खरे. पण ‘हे मी का बदलले होते?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आता या नोंदीची साधने कशी झाली, ते थोडक्यात सांगतो. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी अशा नोंदीचा एक कार्यक्रम लिहिला. १९८२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिकी यांनी दुसरा केला. त्यानंतर आणखी आले. परंतु कामगार-कार्यकर्त्याने विसरू नये अशी हकीकत २००५ सालची आहे. लिनक्स ही प्रणाली जगभरच्या हजारो लोकांनी मिळून घडवलेली आणि सर्वांना खुली. तिच्या फेरफारांची नोंद मात्र काही वर्षे बिटकीपर नावाच्या एका खासगी कंपनीच्या साधनात ठेवली जात होती. ते वापरण्याची मोफत मुभा कंपनीने अटींवर दिली होती. काही जणांनी तेव्हाही आक्षेप घेतला होता की, काम आपले आणि हत्यार दुसऱ्याच्या मर्जीचे, हे बरे नव्हे. २००५ साली वाद झाला आणि कंपनीने मोफत मुभा काढून घेतली. पुढे २०१६ साली त्याच कंपनीने ते साधन सर्वांना खुले केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे; पण तोवर त्याची वाट पाहत कोणी थांबले नव्हते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलच्या आरंभी नवे साधन लिहावयास घेतले, आणि काही दिवसांतच ते साधन स्वतःच्याच फेरफारांची नोंद ठेवू लागले. त्याचे नाव गिट. त्याच वर्षी त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. आज जगातील बहुसंख्य प्रोग्रामर तेच वापरतात, आणि ते विनामूल्य आहे.

गिटची एक खुबी लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वीच्या बहुतेक साधनांत मूळ नोंदवही एका मुख्य यंत्रावर असे, आणि बाकीच्यांनी तेथून मागून घ्यावे लागे. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण नोंदवही असते, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत. कचेरीतील यंत्र जळाले तर घरच्या यंत्रावर सगळा इतिहास शिल्लक राहतो. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक मिळतो. तो नेहमीच्या रीतीत ४० अंक-अक्षरांचा असतो, आणि तो मजकुरावरूनच गणिताने काढलेला असतो. शिवाय प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीचा क्रमांक गुंफलेला असतो. म्हणून मधलेच एखादे पान गुपचूप बदलले तर पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि लबाडी उघडी पडते. मात्र मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो, तसे येथे कोणी करत नाही. नोंदीवर नाव तेच उमटते, जे आपण यंत्राला सांगितलेले असते.

कृती अवघड नाही. ‘मांडणी’ नावाचा एक फोल्डर करावा. त्यात जाऊन ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्यावी. कोरी नोंदवही उघडली जाते. मग आपल्या मांडणीच्या फाइली माळ्यावरून काढून या फोल्डरमध्ये आणाव्यात, आणि त्यांच्या जुन्या जागी एक दुवा ठेवावा. बिऱ्हाड बदलल्यावर जुन्या घराच्या दारावर आपण नवा पत्ता लावतो, तसा हा दुवा. कार्यक्रम जुन्या पत्त्यावर येतो आणि आपोआप नव्या घरी पोहोचतो. हे दुवे हाताने करण्याचा कंटाळा असेल तर ‘स्टो’ नावाचे जुने साधन ते करून देते. त्यानंतर ‘गिट अ‍ॅड’ ने कोणते बदल नोंदायचे ते निवडावे आणि ‘गिट कमिट’ ने नोंद पक्की करावी.

नोंद करताना यंत्र आपल्याकडे शेरा मागते. सगळी किंमत त्या शेऱ्यात आहे. ‘बदल केला’ असा शेरा म्हणजे इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असे लिहिण्यासारखे आहे. ‘नवे छपाईयंत्र कागदाची कड खाते, म्हणून समास अर्धा इंच वाढवला’, असा शेरा लिहावा. दोन वर्षांनी ते छपाईयंत्र गेले की, समास पुन्हा कमी करण्यास हरकत नाही, हे आपल्याला त्या शेऱ्यावरून कळते. कारण लिहिले नाही, तर माणूस जुन्या बदलाला घाबरत राहतो आणि अंधश्रद्धेने तो पुढे चालवतो. ‘गिट लॉग’ म्हटले की सगळे शेरे क्रमाने दिसतात. ‘गिट डिफ’ म्हटले की काल आणि आज यांत कोणत्या ओळींचा फरक आहे ते दिसते. एखादा बदल अंगाशी आला, तर ‘गिट रिव्हर्ट’ म्हणावे. तेव्हा जुनी नोंद पुसली जात नाही. तो बदल उलटवणारी नवी नोंद होते.

दुसऱ्या यंत्रावर जायचे, तर ‘गिट क्लोन’ म्हणून अख्खी नोंदवही तेथे आणावी, दुवे लावावेत, झाले. त्यानंतर ‘पुश’ ने आपले बदल सामायिक ठिकाणी पाठवायचे आणि ‘पुल’ ने तेथून आणायचे. हे सामायिक ठिकाण इंटरनेटवरच असले पाहिजे असे मुळीच नाही. वादळी पावसात आपल्याकडे वीज आणि जाळे किती वेळ टिकते, हे आपण जाणता. साध्या पेन ड्राइव्हवर ‘गिट इनिट’ पुढे ‘बेअर’ हा शब्द जोडून नोंदवही उघडली, तर तोच पेन ड्राइव्ह सामायिक ठिकाण होतो. खिशातली वही पुन्हा खिशात आली.

एक मर्यादा सांगतो. गिटला ओळीओळीचा फरक दिसतो तो साध्या मजकुरात. लिब्रेऑफिसचा वैयक्तिक शब्दकोश साध्या मजकुराची फाइल आहे. त्यात आज कोणते गाव वाढले ते स्पष्ट दिसते. पण त्याच कार्यक्रमाची संक्षेपांची यादी गाठोडे बांधलेल्या फाइलीत असते. ती जपली जाते, फरक मात्र वाचता येत नाही. तेव्हा अशा संक्षेपांची एक साधी यादीही शेजारी ठेवावी. तसेच विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगवेगळ्या खुणेने दाखवतात. दोन्ही वापरणाऱ्याने गिटला ते आधी सांगून ठेवावे, नाहीतर एकही अक्षर न बदलता सगळी फाइल बदललेली दिसते.

सर्व यंत्रे सारखी नसतात, हीही खरी अडचण आहे. घरचा पडदा लहान, कचेरीचा मोठा. घरी लिनक्स, कचेरीत विंडोज. यासाठी मांडणीचे दोन भाग करावेत. जे सगळीकडे सारखे ते नोंदवहीत ठेवावे. जे एकाच यंत्रापुरते ते ‘स्थानिक’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवावे आणि ती नोंदवहीबाहेर राहू द्यावी. पुष्कळ कार्यक्रमांना ‘आधी सामायिक वाच, मग स्थानिक वाच’ असे सांगता येते. आपली घटना आणि शाखेचे नियम यांचे नाते असेच असते.

आता सावधगिरीचे दोन शब्द, आणि ते मी आवाज चढवून सांगतो. पहिला शब्द गुप्त गोष्टींचा. पासवर्ड, किल्लीच्या फाइली, बँकेचे खुणाक्रमांक यांतले काहीही या नोंदवहीत येता कामा नये. आजवर दिलेल्या आज्ञांची जी यादी यंत्र आपोआप ठेवते तीही नको, कारण तिच्यात पासवर्ड कधी उतरला हे कळत नाही. नोंदवहीचा जो गुण तोच येथे दोष ठरतो. आज चुकून पासवर्ड नोंदला आणि उद्या काढून टाकला, तरी कालच्या नोंदीत तो शाबूत राहतो, आणि ज्याच्याजवळ वहीची प्रत आहे त्या प्रत्येकाजवळ राहतो. अशा वेळी खरा उपाय एकच, तो पासवर्ड तत्काळ बदलणे. अगोदरची काळजी म्हणून ‘गिटइग्नोर’ नावाच्या फाइलीत न नोंदायच्या फाइलींची यादी लिहून ठेवता येते.

दुसरा शब्द हक्काचा. मांडणी आपली म्हणताना कचेरीची माहितीही आपली, असे कोणी समजू नये. अर्जदारांची नावे, हजेरीपट, हिशेब हे आपले नव्हेत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ असे आहे की, संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभाऱ्याच्या परवानगीवाचून त्यातील माहितीची नक्कल करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की, नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः नोकरी देणारा असतो. म्हणून शहाणपण यात आहे की, आपली नोंदवही आपल्या घरच्या यंत्रावर, आपल्या वेळात सुरू करावी, आणि तेथून ती कचेरीत परवानगीने न्यावी. कचेरीत सुरू करून घरी आणली, तर उद्या आपल्याच शब्दकोशावरून आपल्याला जाब विचारला जाईल. फिटरची वहीसुद्धा घरूनच येत असे.

या सगळ्यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, हल्ली कंपन्या स्वतःच आपली मांडणी आपल्या खात्यात साठवतात आणि नव्या यंत्रावर आणून देतात; मग हा खटाटोप कशाला? सोय चांगली आहे, मी ती नाकारीत नाही. पण तेथे ‘काय’ जपले जाते, ‘का’ जपले जात नाही. आणि खाते बंद झाले की वही त्यांच्या कपाटात राहते. गिटच्या नोंदवह्या ठेवणारे गिटहब हे २००८ पासूनचे प्रसिद्ध ठिकाणही २०१८ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. विकत घेणे गुन्हा नव्हे. मात्र वहीची पूर्ण प्रत ज्याच्या घरी आहे, त्याला कपाट कोणी विकत घेतले याची चिंता कमी असते. दुसरा आक्षेप असा की, यात वेळ जातो. खरे आहे, आणि काही जण तर मांडणी सजवण्यातच दिवस घालवतात, सुताराने रंधा पाजळत बसून फळीला हात लावू नये तसे. आठवड्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ यावर घालवू नये असे मी म्हणेन. तिसरा आक्षेप असा की, साध्या परिचालकाला हे झेपणार नाही. या आक्षेपाचा मात्र मला राग येतो. बिडी कामगाराला हिशेब कळणार नाही, गिरणी कामगाराला ताळेबंद वाचता येणार नाही, हे ऐकतच आमची चळवळ वाढली. गिटच्या रोजच्या आज्ञा सात-आठ आहेत. ज्याने सरकारी संकेतस्थळावर तिन्हीत्रिकाळ अर्ज भरले आहेत, त्याच्या चिकाटीपुढे त्या काहीच नव्हेत.

म्हणून संघटनांना माझ्या दोन सूचना आहेत. पहिली सूचना मागण्यांच्या यादीसाठी. यंत्र बदलताना किंवा जागा बदलताना कर्मचाऱ्याला आपली मांडणी काढून घेण्यास आणि नव्या ठिकाणी बसवण्यास कामाच्या वेळातच मुभा मिळावी, आणि ती मांडणी त्याची आहे हे लेखी मान्य व्हावे. यात धन्याचाही तोटा नाही. चाचपडण्याचे पंधरा दिवस वाचतात. दुसरी सूचना आपल्या स्वतःसाठी. गावांच्या नावांचा शब्दकोश प्रत्येकाने वेगळा का टंकावा? वणीच्या परिचालकाने वणीची गावे घातली, पुसदच्या परिचालिकेने पुसदची घातली, आणि संघटनेच्या एका सामायिक नोंदवहीत दोन्ही आली, तर सोळाही तालुक्यांचा कोश एका उन्हाळ्यात उभा राहील. कोणी कोणते नाव घातले, कोणी कोणते दुरुस्त केले, हे नोंदीत राहील आणि ज्याचे श्रेय त्याला मिळेल. ज्याला वेगळी मांडणी हवी त्याने आपली वेगळी फांदी काढावी. गिटमध्ये तशी सोय आहे, आणि फांद्या पुन्हा एकत्र आणण्याचीही आहे. मतभेद ठेवून एकत्र काम करण्याची ही रीत संघटनांनी शिकण्यासारखी आहे.

बंधुभगिनींनो, यंत्र धन्याचे असेल, वीज मंडळाची असेल, प्रणाली परदेशी असेल. परंतु त्या यंत्राला आपल्या हाताला जुळवून घेण्याची अक्कल ही कामगाराची कमाई आहे. मजुरी बुडाली तर आपण दाद मागतो, कारण तिची नोंद असते. या कमाईची नोंद आजवर नव्हती, म्हणून ती दर यंत्रागणिक मुकाट्याने बुडत गेली. येथे जी तरुण मंडळी संगणकावर पोट भरतात, त्यांनी उद्या सकाळी आपल्या घरच्या यंत्रावर एक कोरी नोंदवही उघडावी, आपला शब्दकोश तिच्यात ठेवावा आणि पहिला शेरा स्वच्छ मराठीत लिहावा. कोणाला अडचण आली तर संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी सहानंतर यावे. आमच्याकडे दोन मुले हे शिकवण्यास तयार बसली आहेत.